कालव्याच्या पुलावर थांबणारी गाडी

जळोचीतल्या अकबर मिस्त्रींच्या गॅरेजचा एक जुना शिरस्ता आहे. आधी चहा, मग चावी. चहा होईपर्यंत गाडीवाल्यानं गाडीचं सगळं सांगायचं, अगदी सकाळी कोण कुठं बसलं होतं इथपासून. अकबरभाई मध्ये बोलत नाहीत, बशीत फुंकर घालत ऐकतात. त्यांचा मुलगा मोईन हल्ली गाडीला मशीन जोडून दोष पडद्यावर वाचतो, पण वडलांची बशी खाली ठेवली जाईपर्यंत तोही थांबतो.

दसऱ्याला आठवडा राहिला असताना सणसरच्या म्हस्कूतात्यांची गाडी चौथ्यांदा आली, आणि या खेपेस ट्रॅक्टरच्या मागं दोरानं बांधून. पांढरी, उंच, चामड्याच्या सीटांची गाडी. पुण्यातल्या कुणा बिल्डरनं चार वर्षं वापरून विकलेली. तात्यांच्या दारात येऊन तिला सोळा वर्षं झाली होती. आली त्या वर्षी अशा गाड्या तालुक्यात बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. आता सीटांना भेगा पडल्या होत्या आणि मागची काच हातानं ओढून वर घ्यावी लागत होती.

दुखणं प्रत्येक वेळी तेच. सणसरहून निघाली की दहा-बारा किलोमीटर झकास पळायची आणि कालव्याच्या पुलावर मान टाकायची. अर्धा तास उभी केली की पुन्हा काही झालंच नाही अशी चालू. मोईननं फिल्टर दोनदा बदलला, इंजेक्टर तपासून आणले, पाइप नवे घातले. मशीन म्हणत होतं, डिझेलचा दाब कमी पडतोय. का पडतोय, ते मशीन सांगत नव्हतं.

तात्यांचा नातू ऋतिक ट्रॅक्टरवरून उतरला तो बोलतच. “चाचा, आता बास. सोमवारी भंगारवाला येणार हाय. ही गाडी हाय का म्हातारी म्हैस? दर पावलाला बसती!”

तात्यांनी बशी खाली ठेवली. बशीतला चहा मात्र तसाच राहिला.

अकबरभाईंना ठाऊक होतं तो चहा का राहिला ते. पूर्वी तात्यांची मेंढरं होती, दोनशेच्या वर. दसरा झाला की घोडीवर बिऱ्हाड लादून ते आणि त्यांची बायको बानूबाई कऱ्हाटी, मोरगाव करत वरंधा घाटानं कोकणात उतरायचे. बानूबाईंची पहिली लेक त्याच घाटात झाली. पुढं पाणी आलं, ऊस आला, मेंढरं गेली. गाडी घेतली त्या दिवशी बानूबाई लाकडी पाटावर पाय देऊन पुढच्या सीटवर चढल्या आणि म्हणाल्या होत्या, “जल्मभर ज्या वाटंनं चालले, ती एकदा बसून बघू द्या.” तेव्हापासून दर दसऱ्यानंतर दोघं त्या वाटेनं जाऊन येत. त्यांच्या दुखऱ्या गुडघ्यांना झेपेल अशी उंच गाडी ही एकच. ती गेली तर ती वाटही गेली, हे ऋतिकला कुणी सांगितलं नव्हतं. तात्यांना सांगता आलं नसतं.

“तात्या, उद्या सकाळी आपुन हिलाच घेऊन सणसरला जाऊ,” अकबरभाई म्हणाले. “मला मागं बसू द्या.”

रातभर उभी राहिलेली गाडी सकाळी पहिल्या चावीला चालू झाली. ऋतिक चालवत होता, तात्या शेजारी, अकबरभाई मागं डोळे मिटून कान देऊन बसले होते. दहा-बारा किलोमीटरवर आवाज बारीक होत गेला आणि गाडी थांबली.

“आता पूल न्हाय तरी थांबली,” ऋतिक म्हणाला.

“मंजे पुलाचा दोष न्हाय,” अकबरभाई म्हणाले. “हिच्या पोटात कायतरी हाय. चालताना तोंडाशी येतंय, थांबलं की खाली बसतंय.”

अर्ध्या तासानं ती उठली आणि घरी पोचली. दारात बानूबाई उभ्या होत्या.

“डिझेल कुठनं भरता?” अकबरभाईंनी विचारलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी विचारलाच नव्हता.

“हितंच, ट्रॅक्टरच्या बॅरलातनं,” तात्या म्हणाले.

“मग नेहमी भरता तसंच भरून दावा.”

ऋतिकनं कॅन भरला, नरसाळं लावलं. बानूबाई आतून काळ्या घोंगड्याचा हातभर तुकडा घेऊन आल्या आणि त्यांनी तो नरसाळ्यावर नीट पसरला. “हिलाच गाळून घालती मी. ट्रॅक्टर काय, काय बी पितो.”

अकबरभाईंनी घोंगड्यावरून बोट फिरवलं. बोटाला चार-सहा काळे तंतू चिकटून आले.

“वहिनी, हे कधीपास्नं?”

“तुमीच तर सांगितलं हुतं, भावजी. गाडी घेतली तवा. डिझेल गाळून घाला म्हणालात. फडकं हुतं ते दोन वर्सामागं फाटलं. मेंढरांमागं आमी ओढ्याचं पाणी ह्याच्यातनंच गाळून प्यायचो. कधी कुणाचं पोट दुखलं न्हाय.”

अकबरभाईंनी घोंगडं बाजूला ठेवलं. मग बाह्या सरसावल्या. चिंचेखाली ऋतिकला जोडीला घेऊन त्यांनी टाकी उतरवली. आतल्या जाळीवर घोंगड्यातून सुटलेल्या तंतूंचा मुठीएवढा काळा गोळा बसला होता, ओला, घट्ट दाटलेला.

“टाकीतल्या पंपाचा दोष न्हाय, गाडीचा बी न्हाय,” ते बानूबाईंना म्हणाले. “चूक माझी. गाळून घाला म्हणालो, कशातनं ते सांगायचं राहिलं.”

“आणि मशीनला का कळलं न्हाय?” ऋतिकनं विचारलं.

“मशीनला मेंढरू कसं ठाव असणार?” तात्या म्हणाले. चार आठवड्यांत ते पहिल्यांदा हसले.

टाकी धुऊन, जाळी साफ करून दुपारी गाडी निघाली. पुढं बानूबाई, मागं दोघं म्हातारे. दहा किलोमीटर झाले, बारा झाले. पूल आला. ऋतिकनं पाय उचलला नाही. पूल मागं पडला, जळोचीचा फाटा मागं पडला, तरी तो थांबेना. कऱ्हाटीच्या अलीकडं त्यानं गाडी बाजूला घेतली, खाली उतरून फोन लावला आणि म्हणाला, “सोमवारी येऊ नका. न्हाय, इकायची न्हाय.”

परत येऊन बसला तेव्हा बानूबाईंच्या मांडीवर कागदात तो काळा गोळा होता. त्या तंतू उलगडत होत्या.

“टाक की आजी ते. वास मारतोय.”

“ही भुरीची लोकर हाय,” बानूबाई म्हणाल्या. “काळ्या लोकरीला अशी तांबूस टोकं दुसऱ्या कुणाची नव्हती. तिच्या शेवटच्या कातरणीचं घोंगडं ते.”

“भुरी कोण?”

तात्या मागून पुढं वाकले. “कोण मंजे? वरंध्यात तुझी आत्या झाली तवा समदा कळप पुढं गेला, ही एकटी मेंढी तुझ्या आजीजवळ थांबली हुती. कुठं, ते दसरा झाल्यावर दावतो. तूच गाडी चालव.”

ऋतिकनं चावी फिरवली. अकबरभाई मागं डोळे मिटून इंजिन ऐकत होते. आवाज एकसारखा होता.