खुंटी की चकती

काटकोन तपासायच्या हत्याराला सुतार गुण्या म्हणतात. ह्या सुताराला लोक गुण्याच म्हणत, कारण त्याला ते हत्यार कधी लागलंच नाही. फळी खांद्याच्या उंचीला धरायची, डावा डोळा मिटायचा, उजव्यानं कडेवरून नजर सोडायची आणि म्हणायचं, "खालच्या अंगाला केसभर पोट आहे हिला." रंधा फिरवून बघावा, तर पोट असायचंच. खरं नाव कुणी विचारलं तर तो स्वतःच क्षणभर थांबे.

कपाटाचे सांधे तो हातानं करी. एका फळीच्या टोकाला पटाशीनं जीभ काढायची, दुसरीला तेवढीच खाच, आणि जीभ खाचेत अशी बसवायची की मुंगीलाही वाट मिळू नये. यंत्राचं नाव काढलं की तो म्हणे, "ज्याच्या हातात काही नाही, त्यानं बोंबलणारं हत्यार घ्यावं."

असा माणूस एका सकाळी म्हणाला, "सांध्याचं यंत्र आणू या."

त्याची बायको कारखान्यातच घासायचं आणि पॉलिशचं काम करी. तिच्या हातातला काचकागद जागीच थांबला. तिचा भाऊ कापणीच्या यंत्रावर होता, तो मात्र खूश झाला. "भावोजी, आज सूर्य पश्चिमेला उगवला की काय?"

"शाळेची कपाटं आहेत," गुण्या म्हणाला. "भिंतभर. वेळेत द्यायची तर हातानं कुठवर कुटणार?"

कारण चोख होतं. पण मागच्या महिन्यात त्याच्या हातचे दोन खण सांध्यात न बसता जळणात गेले होते. लाकूड ओलं होतं, असं तो म्हणाला होता. बायकोनं ऐकून घेतलं होतं. लाकूड खणखणीत वाळलेलं आहे, हे तिच्या बोटांना माहीत होतं.

दुकानदार ओळखीचा. त्यानं दोन यंत्रं पाठवली: दोन्ही वापरा, एक ठेवा, दुसरं संध्याकाळी माझ्या माणसाकडे परत द्या.

एक खुंटीचं. ते फळीत शेजारी शेजारी दोन भोकं पाडी. त्यात गोल लाकडी खुंट्या ठोकायच्या, समोरच्या फळीतल्या भोकांत त्या गेल्या की सांधा दगडासारखा. दुसऱ्याला लहानसं गोल पातं होतं. ते कडेत एक लांबट चीर पाडी. तिच्यात गोंद घालायचा आणि दाबलेल्या लाकडाची चपटी चकती बसवायची. गोंद वाळेपर्यंत फळी थोडी मागेपुढे सरकवता येई.

"सरकतो तो सांधा कसला?" गुण्या म्हणाला. "तो तर संसार झाला."

"आपला टिकलाय तो सरकून घेतल्यानंच," बायको तिकडून म्हणाली. मेव्हणा खो खो हसला.

गुण्यानं खुंटीचं यंत्र उचललं. यंत्राच्या पट्टीवर एक रेघ होती, ती पेन्सिलीच्या खुणेवर आणायची आणि दाबायचं. त्यानं सवयीनं डावा डोळा मिटला. बराच वेळ तसाच वाकून राहिला. मग दाबलं. पहिल्या कपाटाची बाजू आणि तळ त्यानं पुस्तक उघडून ठेवावं तसे शेजारी मांडून खुणा केल्या होत्या, भोकंही तशीच पाडली. पण पुस्तक मिटलं की एका पानाचं उजवं दुसऱ्याच्या डाव्यावर येतं. फळ्या समोरासमोर आणल्या तेव्हा एकेकीत चुकलेलं दुप्पट होऊन उभं राहिलं. बाजू तळाच्या पुढे आली होती, चांगली नखभर.

"यंत्रच वाकडं आहे," गुण्या म्हणाला.

"नाचता येईना, अंगण वाकडं!" मेव्हणा थट्टेत बोलून गेला.

गुण्यानं लाकडी हातोडा उचलला आणि कडेवर हाणला. पुन्हा हाणला. प्लायवूडचे पदर सुटले आणि कड फुलासारखी फाकली. ह्या कारखान्यात त्यानं लाकडावर राग काढलेला कुणी पाहिला नव्हता. मेव्हण्याचं हसू ओठांतच वाळलं.

"जा, चहा सांगून ये," बहीण त्याला म्हणाली. तो गेला.

ती जवळ आली. तिनं सांध्यावरून बोट फिरवलं.

"उजव्या डोळ्यानं किती रेघा दिसतात?"

"फळी ओली..."

"प्लायवूड ओलं नसतं." तिचा आवाज चढला नव्हता. "तुम्ही चहा ओतता तो निम्मा बशीत जातो. रोज मी पुसते. कधी विचारलं?"

तो हातोड्याचा दांडा चोळत राहिला.

"दोन," तो म्हणाला. "दोन्ही खऱ्या वाटतात गं. एक धरतो, नि खरी ती दुसरीच निघते. डाव्यानं बघायला गेलो तर हातच ऐकत नाही."

"मग यंत्र कशाला हवं होतं?"

"वाटलं, त्याला तरी दिसेल."

फाकलेल्या कडेचे पदर तिनं बोटांनी दाबून धरले, जसे काही ते पुन्हा चिकटणार होते.

मेव्हणा चहा घेऊन आला तेव्हा गुण्या उभा होता. "खुंटीचं परत जाईल. चकतीचं ठेवू."

"पण सरकतो तो सांधा कसला, असं तुम्हीच..."

"म्हणालो होतो." त्यानं हातोडा खाली ठेवला. "उजवा डोळा गेलाय माझा. तुला ठाऊक असावं. कापायची मापं आता तू काढायची."

कप हातात धरून मेव्हणा म्हणाला, "भावोजी, मघाशी ते अंगणाचं मी..."

"बरोबरच बोललास. चहा दे."

दुपारी त्यांनी नवी फळी घेतली. खुणेवर बायकोनं नख टेकवलं. "डावीकडे. अजून. बस, आता थांबा." तिनं बोट काढलं, मग गुण्यानं यंत्र दाबलं. चिरेत गोंद, गोंदात चकती. फळ्या जोडल्या आणि त्यानं पाहिलं नाही, तिच्या बोटाची वाट पाहिली.

"माझ्याकडे सरकवा. एवढंसंच."

त्यानं सरकवली. बोट कुठे अडलं नाही.

"उद्या डोळ्याच्या डॉक्टरकडे जायचं," ती म्हणाली.

"शाळेचं काम होऊ दे."

"उद्या," ती म्हणाली.

पुढची फळी त्यानं खांद्याच्या उंचीला उचलली. डावा डोळा आपोआप मिटला. तसाच तो थोडा वेळ उभा राहिला. मग डोळा उघडला आणि फळी तिच्या हातात दिली.