डॉक्टरांच्या फोनची वाट

आज घरी घडलं ते तुम्हाला सांगते, कारण जीव अजून थाऱ्यावर नाही.

माझ्या सहा केमो झाल्या. आता स्तनाचं ऑपरेशन करायचं की आणखी केमो द्यायच्या, हे डॉक्टरांच्या आजच्या मीटिंगमध्ये ठरणार होतं. दुपारपर्यंत कळवतो म्हणाले होते.

सकाळपासून मी स्वयंपाकघरातले डबे घासत होते. घासलेलेच पुन्हा घासले. सासूबाई अर्नाळ्याच्या, मासळी विकण्यात आयुष्य गेलेलं. कोळंबी सोलता सोलता म्हणाल्या, "बस गो जरा. पानी पी. तू बघत राहिलीस म्हनून फोन वाजनार नाय."

मला त्यांचा रागच आला. यांना काय कळणार, असं वाटलं.

चार वाजता फोन आला. सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या घरून सकाळपासून पाच वेळा फोन आला. एक रिपोर्ट यायचाय. निर्णय आता गुरुवारी होईल."

मी तर एकदाही केला नव्हता. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान वर केली नाही.

"मीच केला. फायलीवर नंबर होता. तू आंघोळीला गेलीस, कपडे वाळत घालायला गेलीस, तवा केला."

मी त्यांच्याजवळ खाली बसले.

गुरुवारपर्यंतचे तीन दिवस कसे जाणार, ठाऊक नाही. तुमच्या आजारपणात घरातलं कोण तुमच्याहून जास्त घाबरलं होतं? आणि ते तुम्हाला कधी कळलं?