डरवुड टीगचा कुत्रा कुणी फिक्स केला

डरवुड टीगच्या मते जगात आपोआप बिघडणारी गोष्ट एकच, आणि ती म्हणजे दूध. बाकी जे काही बिघडतं ते कुणीतरी बिघडवलेलं असतं.

हे त्याला मोज्यांच्या गिरणीनं शिकवलं. शाळा अर्धवट सोडून तो तिथे खोकी उचलायला लागला आणि जुन्या लोकांच्या शिव्या खात खात फिक्सर झाला. अलाबामातल्या सँड फोर्कमध्ये फिक्सर म्हणजे विणायची यंत्रं दुरुस्त करणारा माणूस. त्या काळी गावात या शब्दाला पाद्र्याच्या खालोखाल मान होता. मोज्याच्या टाचेत टाका सुटला की डरवुड यंत्र बंद करायचा आणि फौजदारासारखा चौकशीला लागायचा. सुई वाकलीय का? सूत दमट आहे का? की आधीच्या पाळीतल्या कुणी नको तिथे बोट घातलं? दर वेळी कुणी ना कुणी गुन्हेगार सापडायचाच. अर्धं आयुष्य असं काढलेला माणूस घरीही बदलत नाही. भाजीत मीठ जास्त पडलं तर डरवुड बायकोला विचारायचा, "आज स्वयंपाकघरात कोण आलं होतं?"

मग गिरणी बंद पडायची वेळ आली. मालकाचा मुलगा कँटीनमधल्या खुर्चीवर उभा राहून म्हणाला, "कुणी घाबरू नका. मी सगळं फिक्स करतो." उन्हाळा सरायच्या आत यंत्रं ट्रकांवर चढून स्वस्त मजुरीच्या होंडुरासला गेली. तेव्हापासून डरवुड त्या शब्दाकडे वाकड्या नजरेनं पाहायला लागला. पण अलाबामात राहून तो शब्द टाळायचा म्हणजे पाण्यात उभं राहून कोरडं राहायचं. सकाळी बायको वायनेल हाक मारायची, "तुझी बशी फिक्स करू का?" म्हणजे वाढू का. आभाळ भरून आलं की शेजारीण म्हणायची, पाऊस फिक्स होतोय, म्हणजे आता आलाच. निवडणूक असो की शाळेच्या फुटबॉलची मॅच, हरलेल्याच्या मते ती फिक्सच असायची. पोरानं खिडकी फोडली की आई म्हणायची, "थांब, बाबांना येऊ दे, ते फिक्स करतात तुला." एकच शब्द जेवायलाही वाढतो आणि पाठही सोलून काढतो. डरवुडला वाटायचं, इतकी कामं करणारा शब्द सरळ असूच शकत नाही.

गिरणी गेल्यावर डरवुडची गावात ओळख उरली ती एका कुत्र्यामुळे. मेजर. अंगावर निळसर ठिपके, कान गालांच्या खाली लोंबणारे. रकून या रानटी जनावराच्या मागावर सोडला की असा भुंकायचा की म्हाताऱ्या शिकाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. मेजरची पिल्लं हवीत म्हणून लोक मागे लागले होते, पण डरवुडला कुणाचीच कुत्री पसंत पडत नव्हती. प्रत्येकीच्या घराण्यात त्याला काहीतरी काळंबेरं दिसायचं. शेवटी शेजारच्या काउंटीतली एक कुत्री त्याच्या चौकशीतून तावून सुलाखून निघाली आणि ऑक्टोबरात मेजरचं लग्न फिक्स झालं.

त्याआधीच मेजर काटेरी तारेत अडकला. पुढच्या पायाचं वरचं नख निम्मं उपटलं, कातडं फाटलं. नेमकी तेव्हाच डरवुडची कंबर धरली होती. गाडी चालवणं दूरच, बूट घालायलाही वायनेल लागत होती. त्यानं गावात नव्यानं उघडलेल्या जनावरांच्या दवाखान्यात फोन केला आणि मेजरला न्यायला वायनेलच्या धाकट्या भावाला, हॉइट केगलला बोलावलं.

हॉइट गिरणीत डरवुडच्याच हाताखाली शिकला होता. दोघं एका गाडीतून कामाला गेले, एका गाडीतून शिकारीला गेले, आणि गिरणी बंद झाल्यावर एका गाडीत बसून काही न बोलता घरी आले. डरवुडला जगात ज्याच्यावर सर्वांत कमी संशय होता, असा हा माणूस. फक्त एक गोष्ट होती. हॉइटकडे सार्जंट नावाचा कुत्रा होता आणि शिकारी कुत्र्यांच्या प्रत्येक स्पर्धेत सार्जंटचा नंबर मेजरच्या मागे यायचा.

संध्याकाळी हॉइटनं गुंगीतल्या मेजरला ओसरीवर आणून ठेवलं. पायाला पट्टी, जखम चाटू नये म्हणून गळ्यात प्लॅस्टिकचं नरसाळं.

"पाय ठीक होईल म्हणाले," हॉइट म्हणाला. तो मेजरकडे बघत होता, डरवुडकडे नाही.

"हॉइट, थांब, मक्याची भाकरी गरम आहे," वायनेल आतून म्हणाली.

"नको ताई. भूक नाही."

ट्रक गेला. डरवुड विचारात पडला. हॉइटनं आयुष्यात नोकरी सोडली होती, सिगारेट सोडली होती, पण ताट कधी सोडलं नव्हतं. मग मेजर कुशीवर वळला आणि डरवुडला दिसलं. पाय तर शिवला होताच. पण मागच्या बाजूला जिथे काही शिवायचं कारणच नव्हतं, तिथेही टाके होते. मेजरला खच्ची केलं होतं.

वायनेलनं दवाखान्यात फोन लावायला घेतला तर डरवुडनं तिच्या हातातून काढून घेतला.

"त्यांना काय विचारतेस? ज्यानं नेलं त्यानंच सांगितलं असणार. ते खाल्ल्या मिठाला जागतील."

"कोणाच्या मिठाला? हॉइटच्या? डरवुड, तो माझा भाऊ आहे."

"सार्जंटही त्याचाच आहे."

पुढचे दिवस डरवुडनं ओसरीवर बसून पुरावे गोळा करण्यात घालवले. हॉइट मेजरची चौकशी करायला आला नाही, हा एक पुरावा. आला असता तर तोही पुरावाच झाला असता. गुरुवारी वायनेल स्वयंपाकघरात आवाज दाबून फोनवर बोलत होती. डरवुड कंबर धरून दाराआड उभा राहिला.

"नाही, मी काही सांगितलेलं नाही," ती म्हणत होती. "तूच फिक्स कर आता… रविवारी? बरं. मग फिक्स समजते."

"कोण होतं?" डरवुडनं विचारलं.

वायनेल दचकली. "चर्चमधली एक बाई."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण वायनेल त्याच्याशी खोटं बोलताना त्याला पहिल्यांदा सापडली होती. त्या रात्री त्यानं उशीवर डोकं ठेवलं ते तिच्याकडे पाठ करून. बायको, मेहुणा, दवाखाना. साखळी जुळत होती. रविवारी आणखी काय फिक्स होणार होतं कोण जाणे.

त्यानं रविवारची वाट पाहिलीच नाही. शनिवारी सकाळी कंबर जरा सैल झाली तसा तो गाडी काढून डॉटीच्या हॉटेलात गेला. शिकारी क्लबची मंडळी तिथे दर शनिवारी न्याहारीला जमायची. हॉइट कोपऱ्यात बसला होता. समोरचे पाव आणि रस्सा तसेच गार होत होते.

"काय डरवुड, मेजर कसा आहे?" क्लबचा अध्यक्ष लीलंड बॉसेल यानं विचारलं.

"हॉइटला विचार," डरवुड उभ्यानंच म्हणाला. "नेला तेव्हा नर होता. आणला तेव्हा नव्हता. आता काउंटीत पिल्लं कोणाच्या कुत्र्याची निघणार, तेही त्यालाच विचार."

चमचे थांबले. डॉटी कॉफीचं भांडं हातात घेऊन तशीच उभी राहिली.

हॉइटचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "ते तसं नव्हतं डरवुड," तो हळूच म्हणाला.

"मग कसं होतं?"

हॉइटनं टोपी उचलली आणि तो निघून गेला.

"गप्प राहिला म्हणजे पाणी मुरतंय," कुणीतरी म्हणालं.

"हे बघ," लीलंड म्हणाला, "दुसऱ्याच्या कुत्र्याला हात लावणारा माणूस क्लबात राहू शकत नाही. सोमवारी बैठक आहे. दवाखान्यातून खात्री करून ये. हॉइटनं सांगितलं असं त्यांनी म्हटलं, तर त्याचं नाव काढू. तुझ्या नुसत्या शब्दावर मात्र नाही."

रविवारी हॉइट आला नाही. वायनेल टेबलावर तिसरी बशी मांडून बसून राहिली आणि शेवटी उचलून ठेवली.

सोमवारी सकाळी डरवुड दवाखान्यात पोचला. काउंटरमागे उत्तरेकडच्या मिशिगनहून आलेली ॲनिका नावाची मुलगी होती. डरवुडनं आल्या आल्याच ठरवून टाकलं की ही खोटं बोलणार.

"माझा कुत्रा खच्ची करायला कुणी सांगितलं?" त्यानं विचारलं. "नाव हवंय मला."

"तुम्ही मिस्टर टीग ना? तुम्हीच सांगितलंत."

"मी?"

"फोनवर. मी आवाज ओळखते तुमचा, तुमच्यासारखं हळू कुणीच बोलत नाही. तुम्ही म्हणालात, कुत्रा तारेत अडकून फाटलाय, त्याचा पाय बघा. आणि मग म्हणालात, त्याला झोपवणारच आहात तर एकदाचा पूर्ण फिक्स करा, परत परत आणायला लावू नका."

डरवुडला ते आठवलं. शब्दन् शब्द आठवला. त्याला म्हणायचं होतं की शिवायचं, पट्टी, काय ती सुई, सगळं एका खेपेत उरका.

"फिक्स म्हणजे नीट करा," तो म्हणाला.

"आमच्याकडे कुत्रा फिक्स करा म्हटलं की त्याचा एकच अर्थ होतो, खच्ची करा." तिचा आवाज जरा बारीक झाला. "तरी मी कुत्रा घेऊन आलेल्या त्या काकांना विचारलं होतं. म्हटलं, फिक्स करायचाय ना? ते म्हणाले, हो हो, चांगला फिक्स करा, नाहीतर डरवुड मला फिक्स करेल."

तो अर्थ डरवुडला ठाऊक नव्हता असं नाही. पण तो मांजरांचा अर्थ होता, बर्मिंगहॅमसारख्या शहरातल्या लोकांच्या गादीवर झोपणाऱ्या कुत्र्यांचा. मेजरच्या बाजूला तो शब्द त्या अर्थानं येऊन बसेल, हे त्याच्या किंवा हॉइटच्या स्वप्नातही आलं नसतं.

"संध्याकाळी न्यायला आले तेव्हा त्यांनी बघितलं," ॲनिका सांगत होती. "डॉक्टरांना विचारलं, परत बसवता येतं का. मला हसू आलं, पण ते खरंच विचारत होते. मग गाडीत कितीतरी वेळ नुसते बसले होते. जाताना म्हणाले, डरवुडला तुम्ही सांगू नका. माझ्याच तोंडून गेलंय, मीच सांगेन."

डरवुड गाडीत येऊन बसला. त्यानं सवयीप्रमाणे आणखी कुणी गुन्हेगार निघतो का ते पाहिलं. मिशिगनवर ढकलता आलं असतं. फोनच्या कंपनीवर ढकलता आलं असतं. गाडी चालू करेपर्यंत एक तिसरी वाटही दिसली, आणि ती सर्वांत सोपी होती. हॉइट स्वतःच स्वतःला दोषी समजत होता. डरवुड फोनवर काय म्हणाला होता, हे त्याला माहीतच नव्हतं. ॲनिकाशी गावातलं कुणी फारसं बोलत नव्हतं. लीलंडला नुसतं खरं तेवढंच सांगायचं, की हो, दवाखान्यात हॉइट 'फिक्स करा' म्हणाला. त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. क्लबात नाव हॉइटचं गेलं असतं आणि डरवुड टीग आयुष्यभर बरोबर ठरला असता.

घरी गेल्यावर त्यानं वायनेलला विचारलं, "गुरुवारी फोनवर हॉइट होता ना?"

"होता. तुला सांगायला घाबरत होता. मी म्हटलं, रविवारी जेवायला ये आणि स्वतःच्या तोंडानं सांग." तिनं भांडं जोरात ठेवलं. "तू शनिवारीच त्याची अब्रू काढून आलास."

संध्याकाळी बैठकीला हॉल भरला होता. हॉइट मागच्या भिंतीला टेकून उभा होता, शिक्षा ऐकायला आल्यासारखा.

"बोल डरवुड," लीलंड म्हणाला. "दवाखान्यात काय म्हणाले? हॉइटनं सांगितलं?"

डरवुडनं सगळ्यांकडे पाहिलं. प्रत्येकजण काय विचार करतोय याचा अंदाज घेणं ही त्याची जुनी खोड, पण आज त्यालाच कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवता येईना.

"सांगितलं मी," तो म्हणाला. "फोनवर. पूर्ण फिक्स करा म्हणालो. त्या मिशिगनच्या पोरीनं ऐकलं तसं केलं. हॉइट फक्त त्याला हो म्हणाला."

पुढच्या रांगेतून आवाज आला, "म्हणजे फिक्सरनंच फिक्स केला," आणि सगळे हसायला लागले. लीलंडनं टेबल वाजवलं तरी थांबेनात. डरवुड ते सगळं हसू अंगावर घेत उभा राहिला. हॉइट मात्र हसला नव्हता.

बाहेर ट्रकपाशी दोघं समोरासमोर आले.

"मी रोज विचार करत होतो की तुला कसं सांगू," हॉइट म्हणाला. "आणि तू डॉटीच्या हॉटेलात… माझ्या पोरांच्या वयाची पोरं बसली होती तिथे डरवुड."

"हो."

"एकदा मला विचारायचं तरी."

"तू खोटं बोलशील असं वाटलं."

"आजवर कधी बोललोय?"

डरवुडनं खरोखर आठवून पाहिलं. "नाही," तो म्हणाला. "चुकलं माझं."

हॉइट ट्रककडे वळला. मग दार उघडता उघडता म्हणाला, "सार्जंटची पिल्लं होणारेत महिन्याभरात. एक घेऊन जा."

डरवुडचे डोळे बारीक झाले. "का?"

"का म्हणजे? तुझ्याकडे आता होणार नाहीत म्हणून."

"कुठलं देशील?"

"तूच निवड ना. पहिली निवड तुझी."

डरवुडनं हनुवटी खाजवली. "पहिली निवड माझी," तो सावकाश म्हणाला. "म्हणजे सगळीच मरतुकडी असणार."

हॉइटनं त्याच्याकडे पाहिलं आणि आठवड्यात पहिल्यांदा त्याच्या तोंडून हसू फुटलं. "बस गाडीत," तो म्हणाला. "ताईकडे माझं रविवारचं जेवण राहिलंय."