एकदाही मागं न बघणारा पुढारी

आधी चहा संपवा, मग सांगतो. मागं एकानं ऐकताऐकता हसून नवं धोतर चहानं रंगवून घेतलं होतं.

तर, पुढारी कसा नसावा हे ज्याला बघायचं असेल, त्यानं त्या दिवशी उणकलच्या तळ्यावर यायला हवं होतं. मी तिथं नमुना म्हणून जातीनं हजर होतो!

सत्याग्रहाचे दिवस होते. मी धारवाडच्या एका मिशन शाळेत मास्तर. लग्नाला दोन वर्षं झालेली, आणि संसार कुठं? सासऱ्यांच्या घरी, मागच्या खोलीत. सासरे आमच्या ख्रिस्ती मंडळीचे पंच. रोज जेवणाआधी मोठ्यानं प्रार्थना करायचे, आणि तीत 'हे प्रभो, जावयाला स्वतःचं छप्पर दे' हे हटकून यायचं. तेही एक डोळा उघडा ठेवून, माझ्याकडं बघत! आता तुम्हीच सांगा, यावर आमेन म्हणायचं की नाही?

अशात शाळेच्या बोर्डिंगच्या सुपरिंटेंडेंटची जागा रिकामी झाली. जागेबरोबर क्वार्टर! वेगळी चूल! बायको, मार्था, म्हणाली, "अहो, एवढं जमवाच."

त्याच आठवड्यात पाद्रीसाहेबांनी आम्हा मास्तरांना आणि मोठ्या मुलांना बसवून 'चांगला पुढारी' या विषयावर तासभर भाषण दिलं. साहेब जर्मन, मराठी चांगलं, फक्त 'ळ' आला की तोंडात गरम बटाटा धरल्यासारखे बोलायचे. म्हणाले, पुढारी म्हणजे मेंढपाळ. तो कळपाच्या पुढं चालतो. प्रत्येकाला नावानं हाक मारतो. कुणी चेष्टा केली तर राग गिळतो. ध्येयावरची नजर काढून मागं वळून बघत नाही. पुढं आणखी काहीतरी बोलले, लंगडणाऱ्याला खांद्यावर घेणं वगैरे. पण तोवर मी पहिले चार मुद्दे लिहून घेण्यात गर्क होतो!

भाषणाचा परिणाम झाला. दुसऱ्या दिवसापासून मी व्हरांड्यातून निघालो की पोरं मागून "बेंऽऽ" करायची. मी राग गिळला. साहेब बघत असतील तर दोनदा गिळला.

मग सहल ठरली. धारवाडहून उणकलच्या तळ्यापर्यंत चालत. साहेब म्हणाले, "मास्तर, मुलं तुमच्या हवाली. आम्ही मोटारीनं पुढं जातो." यातला अर्थ न कळायला मी काय दूधपिता होतो?

पहाटे निघालो. पुढाऱ्याच्या हातात झेंडा हवा. पण त्या दिवसांत झेंडा धरला की पोलीस उचलून नेणार. म्हणून मी शेवरीची चांगली पाल्यानं भरलेली फांदी तोडली आणि उंच धरली. पुढं मी, मागं चाळीस मुलं गाणी म्हणत, आणि सगळ्यांत शेवटी शाळेचा म्हातारा शिपाई मल्लप्पा.

रायापूरला पाणी प्यायलो, पुढं निघालो. उणकल दीडेक मैलावर राहिलं तेव्हा मल्लप्पा मागून ओरडला, "सर, निल्लरी! थांबा हो!"

थांबा? म्हातारा दमला असेल! मी फांदी हलवली आणि पाय उचलले. मागं बघितलं? छे!

थोड्या वेळानं गाणी बंद झाली आणि सुरू झालं, "बेंऽऽ! बेंऽऽ!" एक नाही, दोन नाही, सगळेच!

तळपायाची आग मस्तकाला गेली. पण राग गिळला. म्हटलं, आता मेंढपाळासारखी एकेकाला नावानं हाक मारतो, म्हणजे ओशाळतील. हजेरीपट पाठच केला होता.

"येसूदास!"

"बेंऽऽ!"

"बसवराज!"

"बेंऽऽ!"

"गणपत!"

उत्तर नाही. गणपत वर्गातही कधी उत्तर देत नसे. मी पुढं चाललो.

तळं आलं. काठावर साहेब, मडमसाहेब, सासरे आणि उप्पीटाची भली मोठी पातेली. मी साहेबांसमोर ताठ उभा राहिलो. मागं न बघताच म्हणालो, "साहेब, मोजून घ्या. एकही कमी नाही!"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मास्तर," ते म्हणाले, "मेंढपाळाचा मी नुसता दाखला दिला होता."

तेव्हा वळलो. आयुष्यात पहिल्यांदाच वळल्यासारखा वळलो.

मेंढरं! शंभर तरी असतील! सगळ्यांत पुढची मेंढी माझ्या खाली आलेल्या फांदीचा शेंडा चावत होती. बाकीच्यांनी उप्पीट बघितलं. मडमसाहेबांच्या गवती हॅटची कड एकीनं तिथल्या तिथं खाऊन टाकली. सासऱ्यांनी डोळे मिटले. यावेळी दोन्ही.

"मुलं कुठं आहेत?" साहेबांनी विचारलं.

मला काय माहीत?

तासाभरानं मुलं आली. एकाचा पाय मुरगळला म्हणून मल्लप्पानं सगळ्यांना पेरूच्या बागेत सावलीला बसवलं होतं. पायाला पट्टी बांधून, त्या पोराला पाठीवर घेऊन, बाकीच्यांना पुढं घालून म्हातारा शेवटी चालत आला. साहेब धावत गेले आणि त्यांनी त्याचे दोन्ही हात धरले.

सुपरिंटेंडेंट कोण झालं? मल्लप्पा! नेमणूक तिथंच, उप्पीटाच्या उरलेल्या पातेल्याशेजारी जाहीर झाली. गणपतनं आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडलं आणि टाळ्या वाजवत 'हुर्रे' केलं.

मी तळ्याच्या कडेला एकटा बसलो. तेवढ्यात धनगर धापा टाकत आला. म्हटलं, आता हा काठी घालणार.

तो मला वरपासून खालपर्यंत न्याहाळत म्हणाला, "मास्तर, ही जात माझ्या बापाचं ऐकत नाही. तुमच्या मागं कशी गुमान आली! माझ्याकडं राहता का? रानात झोपडी देतो, वेगळी चूल देतो."

आता काय लपवायचं तुमच्यापासून?

मी म्हणालो, "मार्थाला विचारून सांगतो."