खालच्या आळीच्या वीस बाटल्या

भाईंदरजवळच्या आमच्या मुर्धा गावात युनिव्हर्सिटी मी आणली. खोटं नाही. आता आणली म्हणजे काय, तर मी बसस्टॉपवर बिडी ओढत उभा होतो. जीपमधून एका मॅडमनी मान बाहेर काढून गाव विचारलं आणि मी डावीकडे बोट दाखवलं. पण बोट माझंच होतं ना!

त्यानंतर तीन वर्षं ती माणसं आमच्याकडे येत राहिली. नव्वदनंतरची गोष्ट. मिठागरं ओस पडत चालली होती आणि तिकडे मीरा रोडला बिल्डिंगी उगवत होत्या. इतकी शिकलेली माणसं आणि आमची खालची आळी एकत्र आली की किस्से साचणारच, खाडीच्या तोंडाशी गाळ साचतो तसे. कुणी उपसत नाही, म्हणून मी उपसतोय.

*

पहिली मीटिंग देवळाच्या ओट्यावर झाली. जीपमधल्या त्या सुमतीमॅडम म्हणाल्या, "आम्ही शिकवायला नाही, तुमच्याकडून शिकायला आलोय."

मी चौथी नापास. मला जन्मात कुणी मास्तर केलं नव्हतं. मी उठून म्हटलं, "मग हजेरी घेतो."

गंमत म्हणून बोललो, तर मॅडमनी खरंच त्यांच्या विद्यार्थ्यांची यादी माझ्या हातात दिली. तेव्हापासून जीप आली की मी ओट्यावरून नावं पुकारायचो आणि एम.ए. झालेली मुलं "हजर" म्हणायची. उशिरा येणाऱ्याला कान पकडायला लावायचो. एकदा मॅडमनाच उशीर झाला. त्यांनी मुकाट कान पकडले. त्या दिवसापासून आळीतल्या बायका त्यांच्याशी मोकळं बोलायला लागल्या.

पहिल्या मीटिंगला आमची हिरा, म्हणजे माझी बायको, मागे बसली होती. ती एवढंच बोलली, "शिका काय शिकायचं ते. आमाला नल पायजे."

कारण होतं. आळीला पाणी एका विहिरीचं. पावसाळ्यात गटार भरलं की ते थेट विहिरीत उतरायचं. त्याच वर्षी आमच्या नातीला हगवण लागून भाईंदरला तीन दिवस सलाईनवर ठेवलेली. नळासाठी नगरपालिकेच्या ऑफिसात गेलो, तर तिथला साहेब म्हणाला, पाणी खराब असल्याचा कागद आणा, मग बघू. तो कागद मॅडम देणार होत्या, पाणी तपासून.

*

मध्ये मी गप्प बसलो असेन असं समजू नका. मुलं नवीन होती. त्यांना सांगितलं, आमचा काळू कुत्रा फक्त चष्मेवाल्यांना चावतो. सगळ्यांनी चष्मे खिशात घातले. त्यातला एक फॉर्म घेऊन गोठ्याच्या दारात उभा राहिला आणि अदबीने विचारायला लागला, कुटुंबप्रमुख आहेत का? आतून म्हैस बाहेर आली.

त्यांच्यातली एकटी निशा चष्मा घालून चालत होती. भाईंदरचीच मुलगी, आईवडील मराठवाड्यातून आलेले. मी म्हटलं, तुला भीती नाही वाटत?

"काका, चष्मा काढला तर कुत्रा दिसणार कसा?"

त्या पोरीपासून मी जरा जपूनच राहिलो.

*

फॉर्ममध्ये पहिला प्रश्न, घरात माणसं किती. निशाने पांडूला विचारला. पांडू माझा मिठागरातला जोडीदार. तो म्हणाला, "जेवायला का झोपायला?"

जेवायला सात, झोपायला चार, कारण तिघं ओट्यावर. शिवाय थोरला बोटीवर, तो महिन्यातून एकदा येतो, पण त्याचं ताट रोज मांडतात. निशाने तिन्ही आकडे लिहिले. पुढच्या महिन्यात छापून आलेल्या फॉर्मवर तीन रकाने होते. पांडू अजून सांगतो, युनिव्हर्सिटीचा फॉर्म मी बदलला.

दुसरा प्रश्न, हात कधी धुता. त्यावर तो म्हणाला, "पोरी, मी मिठात दिवस काढतो. हाताला कुठं भेग हाय ते मला बघावं लागत न्हाय." हे निशाने कुठल्या रकान्यात लिहिलं, माहीत नाही. पण लिहिलं. मी बघितलंय.

*

शेवटी पाण्याची पाळी आली. वीस घरं, वीस बाटल्या. निशाने संध्याकाळी दारोदार बाटल्या वाटल्या. रोज पिता तेच पाणी सकाळी भरून ठेवा, असं तिने प्रत्येक घरी दोनदा सांगितलं.

तिची पाठ वळली आणि माझ्या अंगात आलं. मी तिच्या मागोमाग त्याच दारांतून फिरलो. म्हटलं, बायांनो, हे लॅबमध्ये जाणार. कुठल्या घरची बाई किती स्वच्छ, त्याचे नंबर लागणार!

मग काय विचारता. कुणी पाणी दोनदा उकळलं, कुणी नव्या धोतरातून गाळून उकळलं. पांडूच्या बायकोने, बायजाने, त्याला सायकलवरून भाईंदरला भावाच्या बिल्डिंगीत पिटाळलं आणि नळाचं पाणी आणवलं. पाहुण्यापुढे कळकट पेला ठेवायची आमच्यात रीत नाही, आणि इथे तर युनिव्हर्सिटी पाणी पिणार होती. मी ओट्यावर पोट धरून हसत होतो. नळाचा कागद त्याच बाटल्यांवर अवलंबून होता, हे तेव्हा डोक्यात आलंच नाही. हसताना माझ्या डोक्यात दुसरं काही मावत नाही.

*

पंधरा दिवसांनी मॅडम रिपोर्ट घेऊन आल्या. चेहरा उतरलेला. एकोणीस बाटल्या स्वच्छ, एक खराब. एवढ्यावर विहीर खराब म्हणून लिहून देता येत नाही, त्या एका घरचं भांडंही खराब असू शकतं, असं त्यांनी समजावलं. घर कुठलं ते मात्र त्या सांगेनात.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. नंबर लागला होता ना.

हिरा उठली. "ती बाटली माजी हाय."

माझ्या शेजारी बसलेला माणूससुद्धा माझ्याकडे बघेना.

"मटक्यातलं पानी दिलं. पोरीनं तेच मागितलेलं. माजी नात तेच प्यायली."

ती उभीच राहिली. मग बायजा खाली बघत म्हणाली, "माजं भायंदरचं हाय." तिच्या मागून एक म्हणाली, आमी उकललं. मग दुसरी, मग तिसरी. निशाने रिपोर्ट उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर सगळं लिहून घेतलं. मॅडमनी शांतपणे विचारलं, "पण असं करायला सांगितलं कुणी?"

एकोणीस माना माझ्याकडे वळल्या.

त्याच दुपारी नव्या बाटल्या आल्या आणि निशाने स्वतः प्रत्येक घरच्या मटक्यातून त्या भरल्या. कुणी भांडं घासायलाही उठलं नाही.

संध्याकाळी हिरा हंडा कमरेवर घेऊन विहिरीकडे निघाली. मी मागोमाग गेलो. राग घालवायला म्हटलं, बघ, माझ्या थट्टेमुळे तर मॅडमना आपली माणसं कळली. नळ आला की आधी मास्तरचा सत्कार करायला पाहिजे.

तिने हंडा काठावर ठेवला, दोर सोडला.

"सगल्यांची हजेरी घेता तुमी," ती म्हणाली. "या विहिरीवर तुमची कवा लागली?"