बहिरूच्या मरणाची बातमी

मी सांगते तसं लिही आरोही, आणि मधी हसू नको. एकलहऱ्याच्या कॉलनीत आमच्या भिंतीला भिंत लागून आक्काबाई राहायची, तिचा हा एकुलता एक बहिरू. दिवसा विजेच्या कारखान्यात ठेकेदाराकडं कोळशाचं काम, आणि घरी आला की काळ्या तोंडानंच गिटार गळ्यात. रॉक म्हणायचा त्याला. मला आधी वाटायचं, कोणी पत्रे पिटतंय. पण गाणी काय एक का दोन? खंडीनं! आज राखेवर, उद्या नगरसेवकावर, परवा भोंदू बुवावर. अशी शिवराळ, की गणपतीच्या मंडळानं भर गाण्यात स्टेजवरून खाली ओढला. तरी कॉलनीतल्या पोरांना सारी पाठ. खरं सांगू, भांडी घासताना माझ्याबी तोंडात यायची.

त्याला हौस एकच. नाशिक रोडचे जयरामसर पेपरात गाण्याबजावण्यावर लिहायचे, त्यांनी एकदा तरी बरं लिहावं. पहिल्यांदा लिहिलं, 'हा मुलगा गात नाही, ओकतो.' तरी हा खूश, नाव तर आलं! साऱ्या गल्लीला चहा पाजला. मग लिहिलं, 'कोंबडी अंडी घालते तशी हा गाणी घालतो. अंडी निदान खाता तरी येतात.' मग ह्यानं शिव्या सोडून आईवर एक हळू गाणं केलं. तर म्हणे, 'दात पडलेला कुत्रा.' वर्षानुवर्षं हेच चाललेलं. आक्काबाईला कुठं वाचता येतंय? ती विचारायची, "काय म्हणतेत रे सर?" हा म्हणायचा, "चांगलं म्हणतेत."

आता ऐक. एके दिवशी पाण्याच्या टाकीवर बहिरूला कावळ्यांची जोडी लागलेली दिसली. आमच्यात ते लय वाईट, बघणाऱ्याचं मरण जवळ येतं. त्याला उतारा एकच. तो मेला म्हणून पाव्हण्यांत खोटा सांगावा धाडायचा. कोणी रडलं की मरण टळलं, मग खरं सांगायचं. आक्काबाईनं नामपूरला भावाला फोन लावला, "दादा, माझा बहिरू गेला रे!" दादा ढसाढसा रडला. पण हिनं खरं सांगायच्या आत त्याच्या नातवानं, रुद्रनं, बहिरूच्या फोटोला हार घालून मोबाइलवर टाकलासुद्धा. दिवस मावळेपर्यंत साऱ्या नाशकात बहिरू मेलेला.

रविवारी जयरामसरांचा हा एवढा लेख. 'नाशिकचा एकच खरा आवाज गेला. त्याच्या शिवीत गोरगरिबाचं रडू होतं. आम्ही करंटे, ओळखलं नाही.' बहिरूनं मला वाचून दाखवला, डोळे भरलेले. "मावशी, सरांना कळत होतं बघ!" तसाच पेढे घेऊन निघाला. मीबी संगं गेले.

सरांनी दार उघडलं आणि बघतच राहिले. "तू जिवंत आहेस?"

"आईची कृपा, सर."

"अरे, मेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहायची रीत असते. मनावर घेऊ नकोस." पेढा मात्र खाल्ला.

पुढच्या रविवारी छापलं, 'ह्याला गाणं जमलं नाही, तसं मरणंही जमलं नाही.' मग जी पोरं त्याची गाणी म्हणायची, तीच नाक्यावर विचारायची, "काय बहिरूभाऊ, आज परत मरणार का?" त्यानं गिटार खाटेखाली सारली ती सारलीच.

पुढं सर खरोखरचे वारले. त्यांच्यावर सगळ्यांनी चांगलंच लिहिलं.

यंदा पेपरात उज्वला म्हणून नवी पोरगी आली. तिनं जुनं हुडकलं, तर तिला तो मरणाचाच लेख सापडला. मोबाइलवर त्याची गाणी ऐकून पार येडी झाली. कैलासवासी बहिरू म्हणून पानभर लिहिलं, आणि पेपरानं मरणोत्तर पुरस्कार ठरवला. आईला घ्यायला पाठवा म्हणून घरी फोन आला. उचलला बहिरूनंच.

मी म्हटलं, "सांग ना मुडद्या, जिवंत हाय म्हणून!"

"सांगितलं तर काढून घेतील, मावशी." आणि फोनात म्हणाला, "मी त्याचा भाऊ. आई येईल."

आक्काबाई ऐकंना. "तुला आयुष्य मिळावं म्हणून खोटं बोलले मी. आता भर सभेत परत मारू?" तो तिच्या पायाच पडला. मग काय, गेलो. आम्ही दोघी पुढं, बहिरू पार मागं, तोंडाला रुमाल बांधून. स्टेजवर त्याचा फोटो, हार, उदबत्ती. नवी पोरं त्याचीच गाणी गात होती, शिव्या गाळून. लोक उभं राहून टाळ्या वाजवतेत.

आक्काबाईच्या अंगावर शाल पडली, तसा तिला हुंदका फुटला. उज्वलानं हात धरला. "आई, फार मोठा माणूस गेला हो."

आक्काबाईला राहवलं नाय. तिनं मागं बोट केलं. "कुठं गेला? त्यो काय, बसलाय माझा पोरगा!"

उज्वलाला भरून आलं. तिनं माइक ओढला. "आई म्हणतात, बहिरू इथंच बसलाय, तुमच्याआमच्यात!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट. मी मागं वळून पाहिलं. बहिरूबी वाजवत होता.