वयजिणीने दिलेला बाप्तिस्मा

कमलाक्षी वयजीण, म्हणजे गावची सुईण, बाटली, अशी आवई डिचोलीच्या बाजारात उठली, तेव्हा एका भाजीवालीनं तिचं नवं नावही सांगून टाकलं: मारिया. गोवा घटक राज्य झालं त्या वर्षीची गोष्ट. जिभेला काही खाणीवर कामाला जायचं नसतं, तिला रोजच सुट्टी. खरं एवढंच, की कमलाक्षी बाटली नव्हती. बाप्तिस्मा तिनं घेतला नव्हता, दिला होता. आणि खरं सांगायचं तर, दिलाही नव्हता.

मागच्या म्हाताऱ्या पाद्रीनं गावातल्या सुइणींना शिकवून ठेवलं होतं. किरिस्तांवाचं पोर जगत नाही असं दिसलं, तर कुणाची वाट पाहू नका. डोक्यावर पाणी ओता आणि म्हणा, 'हांव तुका बाप्तिस्म दितां, बापाच्या, पुताच्या...' सुईण हिंदू असली तरी चालतं. तीस वर्षांत कमलाक्षीनं ते चारदा म्हटलं होतं. शेजारणी चिडवायच्या, "अगो, आरती तुला अर्धीच येते, आणि हे बरं तोंडपाठ?"

"आरती चुकली तर देव हसतो," ती म्हणे. "हे चुकलं तर पोराची आई रडते."

ट्रकवाल्या सांतानच्या बायकोला, एस्पेरांसला, लग्नानंतर सहा वर्षांनी दिवस राहिले. तोवर ती बिलिव्हरांच्या, म्हणजे पाद्रीला न मानणाऱ्या नव्या पंथाच्या, सभेला जाऊ लागली होती. बेळगावच्या पास्तरानं तिला वाळवंटी नदीत बुडवून नव्यानं बाप्तिस्मा दिला होता. त्यांचं म्हणणं, तान्ह्यावर पाणी ओतून काही होत नाही. माणसानं कळत्या वयात विश्वास धरावा, तेच तारण. सांतान विचारी, "आणि कळतं व्हायच्या आधीच मेलं तर?" ती म्हणे, "लेकरू निष्पाप. देव त्याला तसंच घेतो." जेवताना हाच वाद, आणि ताटातली कढी थंड.

सातव्याच महिन्यात, एका सकाळी, मुलगा झाला. निळा पडलेला, मुठीएवढा. कमलाक्षीनं पाण्याचा पेला हातात घेतला.

"पाणी घालू नको," खाटेवरून एस्पेरांस म्हणाली.

"घाल, कमलाक्षीबाय, घाल," दारातून सांतान.

तिचा हात दोघांच्या मध्ये थांबला. तेवढ्यात पोर गेलं. मग त्याच पाण्यानं तिनं त्याचं तोंड पुसलं.

नव्या पाद्रीनं इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, अंगणात, सगळ्यांसमोर, तिला विचारलं. जिवंतपणी पाणी पडलं असेल तर सिमितेरीत, आजोबाच्या कबरीशेजारी जागा. नाही तर जुन्या रीतीनं भिंतीबाहेर.

"पडलं," कमलाक्षी म्हणाली.

"शब्द म्हटलेस?"

"म्हटले."

पोराला आत जागा मिळाली. पण त्या अंगणात ऐकणारे हिंदूही होते; पाद्रीसमोर तिनं तोंडानं कबूल केलं, म्हणजे ती बाटलीच, असं त्यांनी ठरवलं. आमच्या पोटुशा सुना आता दवाखान्यात जातात, असं जो तो सांगू लागला. वर्षभर कमलाक्षीच्या दाराशी बोलावणं आलं नाही. उकळून ठेवलेल्या फडक्यांचं गाठोडं खुंटीवर तसंच राहिलं, आणि सवयीनं ती पहाटे उठून बसायची.

एकदा एस्पेरांस आली. आत बस म्हटलं तर बसली नाही.

"तू खोटं सांगितलंस," ती म्हणाली. "माझ्या बाळाचं तारण तुझ्या पाण्यावर टांगलंस. देवाला काय सांगशील?"

कमलाक्षी म्हणाली, "देवाला काय सांगायचं, तो तिथंच होता. पण त्या भिंतीबाहेर डुकरं उकरतात, बाये."